फळीच्या फटीतून शिकलेला सॉस

पितळेच्या पातेल्यात मी टोमॅटो शिजवले. नुसते शिजवले नाहीत, सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच पातेल्यात झाकून ठेवले. आणि पातेल्याला आतून कल्हई नव्हती. आयुष्यात मूर्खपणा मी पुष्कळ केला, पण इतका घासूनपुसून लखलखीत केलेला मूर्खपणा दुसरा नाही.

आताच्या मुलींना यात एवढं काय ते कळायचं नाही, कारण त्या स्टीलच्या भांड्यात वाढल्या. पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा पांढरा थर चढवून घ्यावा लागे, ती कल्हई. ती उडाली की आंबट पदार्थ त्यात कळकतो. हिरवट पडतो, तोंडात धरवत नाही, आणि पोटात गेला तर खाणारा आडवा होतो. हे मला ठाऊक नव्हतं म्हणाल, तर माझ्या माहेरचं शेंबडं पोरसुद्धा जाणत होतं. मग केलं कसं? त्याचं उत्तर सोपं आहे. जळणाऱ्या बाईला दिसत काही नाही, नुसता धूर दिसतो. आणि मी तेव्हा आमच्या घरमालकीणबाईंवर जळत होते.

या बाईंना सगळं पनवेल ‘नैरोबीच्या बाई’ म्हणे. नवरा तिकडे आफ्रिकेत रेल्वेत होता. तो गेल्यावर त्या एक ट्रंक, एक रेडिओ आणि नवऱ्याची खाकी हॅट घेऊन परत आल्या, आणि दिराशी भांडून आपल्या वाट्याचं कौलारू घर ताब्यात घेतलं. पुढच्या भागात त्या राहत, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. मी नवी नवरी. हे कचेरीत कारकून. त्यांच्या आणि आमच्या स्वयंपाकघरात फक्त फळ्यांची भिंत होती, आणि दोन फळ्यांच्या मध्ये एक फट. त्या फटीला मी डोळा इतका लावला आहे, की नवऱ्याकडेही तितका वेळ कधी पाहिलं नसेल.

बाई नऊवारी लुगडं नेसत आणि बाजारात जाताना डोक्यावर ती हॅट घालत. गंमत म्हणून नाही, अगदी गंभीरपणे. विधवा बाईनं डोक्यावरून पदर घ्यावा, असं कुणी सुचवलंच, तर म्हणत, “पदरापेक्षा हिची सावली मोठी आहे.” पोरं मागे लागत. बाई वळून त्यांना हॅट काढून सलाम करत. पोरांचा मग हिरमोड होई, कारण चिडवायला काही उरायचंच नाही. तोंडी एक आफ्रिकेतलं बोलणं होतं, “पोले पोले.” म्हणजे हळू, सावकाश. एसटी चुकलेल्या माणसाला सांगत, बाळंतपणात कळा देणाऱ्या बाईलाही सांगत. स्वतः मात्र वाऱ्यासारख्या कामं उरकत.

त्यांची घाई पाहायची तर सॉस करताना. लाल सॉस. आता माझी नात फोन करून पिझ्झा मागवते ना, त्यावर माखतात तोच. पण फोनवर मागवून यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात बाईंचा करून, खाऊन, भांडी घासून होत असे. आणि तो शिजायला किती वेळ द्यायचा, हे त्या घड्याळावर मोजत नसत. भांडणावर मोजत.

खोटं नाही सांगत. स्टोवर इनॅमलचं एक जुनं, कडेला टवके उडालेलं पातेलं ठेवायचं. तेल थंड असतानाच त्यात ठेचलेला लसूण टाकायचा. “तापल्या तेलात लसूण म्हणजे फोडणी,” त्या म्हणत, “आणि फोडणी दिलीस तर ते कालवण झालं. मग हॅट घालून काय उपयोग?” लसूण नुसता वास सोडतोय, रंग बदलत नाहीये, की टोमॅटो. ते चिरायचे नाहीत. ताटात हातानं कुस्करायचे. “सुरी लागली की टोमॅटो रुसतो.” मीठ, सुपारीएवढा गूळ. मग बाई खिडकीशी जात आणि रस्त्यावर जो दिसेल त्याच्याशी भांडण काढत. ते भांडण संपलं की सॉस झालेला असे.

कुणाशी काढायचं हेही ठरलेलं. पातळ हवा असेल तर जवळच्या विचुंबे गावची भाजीवाली.

“काल दिलेस ते टोमॅटो होते की गोट्या?”

“आवो बाय, नाय परवडत तर नका घेव. आमी काय तुमच्या पाया परतो?”

“पाया पडलीस तरी घेणार नाही.”

“तर मग बोलावता कशाला? रोज बोलावता, रोज भांडता. तुमाला दुसरा काम नाय काय?”

“नाही.”

“मंग ऱ्हावा तशाच,” म्हणून ती हसत पाटी उचलायची, आणि जाताना दोन टोमॅटो खिडकीत ठेवून जाई. दाट सॉस हवा असला, तर समोरचे वकील. वकिलांशी भांडण लवकर मिटत नसे. एकदा वकील मुलीच्या बाळंतपणासाठी परगावी गेले होते तेव्हा महिनाभर बाईंचा सॉस पातळच राहिला, असं हे मला हसत हसत सांगत होते. मी हसले नाही. यांना बाईंच्या सॉसचा पातळपणा ठाऊक असावा, हेच मला लागलं.

शेवटी कुंडीतल्या ओव्याची जाड पानं हातानं फाडून घालायची आणि स्टो बंद. तिकडे दुसरं काहीतरी पान घालतात म्हणे, पण आमच्या पनवेलात हे मिळालं आणि याचा वास त्याच्या जवळचा, असं बाईंचं म्हणणं. बेकरीवाल्या मियाँकडून कच्ची कणीक आणायची, जाड रोटी थापून तव्यावर टाकायची, त्यावर सॉस, त्यावर नासवलेल्या दुधाचा खारवलेला चक्का, आणि वर निखारे ठेवलेलं झाकण. याला बाई ‘पीत्सा’ म्हणत. गाव ‘नैरोबीची भाकरी’ म्हणे.

हे त्यांना शिकवलं एका कैद्यानं. लढाईत पकडलेले इटालियन शिपाई तिकडे रस्त्याच्या कामाला लावले होते. त्यांतला एक दुपारच्या सुट्टीत बाईंच्या कुंपणापाशी येऊन बसे. “मेला दोन गोष्टींसाठी रडायचा,” बाई सांगत, “आई आणि टोमॅटो. आई कुठून आणणार मी? टोमॅटो दिले.” त्याला हिंदी येईना, बाईंना त्याची भाषा येईना. त्यानं कुंपणाबाहेरून हातवाऱ्यांनी शिकवलं आणि बाईंनी आतून केलं. पहिल्यांदा चाखून तो इतका रडला, की पहारेकऱ्याला वाटलं बाईंनी मिरची घातली. मी विचारलं होतं, त्याचं नाव काय? बाई म्हणाल्या, “नाव विचारून काय करू? त्याला नंबर होता. नंबरानं हाक मारावी असं वाटेना, म्हणून मी त्याला ‘अरे’ म्हणायची.”

आता इतकी मजेची बाई, तिच्यावर जळायचं कशाला? तर त्याचं कारण रविवार.

दर रविवारी बाईंचा रेडिओ बिघडत असे, आणि दर रविवारी आमचे हे तो दुरुस्त करायला जात. शनिवारी रात्रीपर्यंत तो ठणठणीत गात असल्याचं मी भिंतीपलीकडून ऐकलेलं असे. हे गेले की थोड्या वेळानं तेलात लसूण पडल्याचा वास, मग खिडकीतलं भांडण, मग शांतता, आणि मग फळीपलीकडून यांचा आवाज. “वा, बाई! वा!”

ते ‘वा’ माझ्या काळजात घुसे. आमच्या घरात यांचं जेवण म्हणजे मौन. मी काहीही करो. पानात पडेल ते खाल्लं, ताक प्यायलं, हात धुतला, पेपर उघडला. “कसं झालंय?” असं एकदा धीर करून विचारलं, तर चमकून म्हणाले, “का? काही बिघडलंय का?” पुन्हा विचारलं नाही. मला दागिने नको होते, सिनेमा नको होता. एक ‘वा’ हवं होतं. आणि ते दर रविवारी फळीपलीकडे फुकट वाटलं जात होतं, हॅट घालणाऱ्या एका बाईला.

बाईंनी मला बोलावलं नाही असं नाही. पहिल्याच रविवारी हाक मारली, “अगं ए पोरी, ये की. गरम आहे तोवर.” मी आतून उत्तर दिलं, “मला लसूण चालत नाही.” माहेरी आम्ही लसणाची चटणी भाताबरोबर, भाकरीबरोबर, आणि काही नसलं तर नुसतीही खात असू. पण एकदा चालत नाही म्हटलं म्हणजे चालत नाही. म्हणून मी तो सॉस डोळ्यांनी पाहिला, नाकानं हुंगला, कानांनी ऐकला. जिभेवर कधी ठेवला नाही. हे ध्यानात ठेवा.

कल्हईवाला आला तो बाईंच्याच अंगणात बसला. भाता, निखारे, नवसागराचा धूर, आणि शेजारी स्टुलावर हॅट घालून बसलेल्या बाई त्याला त्याचंच काम शिकवतायत. गल्लीतल्या सगळ्या बायका आपापली भांडी घेऊन तिथे. मला पाहून बाई ओरडल्या, “तुझं ते लग्नातलं मोठं पातेलं आण. आतून उघडं पडलंय. मला इथून दिसतंय.”

म्हणजे माझ्या पातेल्याच्या आतलंही हिला दिसतं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“आमची भांडी आमचं आम्ही बघू,” मी म्हटलं.

“पोले पोले,” बाई म्हणाल्या. “भांडू नकोस, माझ्या स्टोवर काही नाहीये आत्ता.”

बायका खो खो हसल्या. मी आत आले, चिंच आणि राख घेतली आणि ते पातेलं असं घासलं, असं घासलं, की उरलीसुरली कल्हईही निघाली आणि आतून सोनं झळकायला लागलं. त्यात माझं तोंड दिसत होतं. त्या तोंडाला अक्कल नाही, एवढं मात्र दिसलं नाही.

आणि त्याच आठवड्यात यांनी कचेरीतल्या साहेबांना आणि त्यांच्या बायकोला फराळाला बोलावलं.

“बाईंना सांगू या का, त्यांचा तो लाल सॉस करायला?” हे भीत भीत म्हणाले. “साहेबांना काहीतरी वेगळं म्हणून.”

“मी करते.”

“तुला येतो?”

“न यायला काय झालं? कुस्करायचे आणि शिजवायचे. त्यासाठी तुरुंगात जाऊन यावं लागत नाही.”

हे म्हणाले, “बाईंनाही बोलवतो मग. त्यांनाही बरं वाटेल.”

मलाही बरं वाटलं. बाईंच्या समोर, माझ्या घरात, माझ्या सॉसला यांनी ‘वा’ म्हणायचं. याहून जास्त मला त्या वेळी देवाकडेही मागायचं नव्हतं.

बाई सकाळी बेकरीत गेलेल्या पाहून मी पातेलं चढवलं. दुपारी केला असता तर त्यांना वास आला असता, त्या आल्या असत्या, दोन गोष्टी सांगितल्या असत्या, आणि मग तो माझा कुठला? सगळं फटीतून पाहिलं तसं केलं. भांडण काढायला मात्र कुणी मिळेना. मला खिडकीतून भांडायची लाज वाटली. मनातल्या मनात बाईंशी भांडले. ते काही संपेना, म्हणून सॉस चांगला दाट झाला. पातेलं झाकलं आणि दिवसभर त्याच्याकडे कौतुकानं पाहत बसले.

संध्याकाळी चाखला. जीभ आक्रसली. तोंडात तांब्याचा पैसा धरल्यासारखी चव आली आणि घशापर्यंत शहारा गेला. कडेनं हिरवट झाक दिसली, ती मी ओव्याच्या पानांच्या नावावर टाकली. आणि चव? मी स्वतःची समजूत घातली, की सातासमुद्रांपलीकडचा पदार्थ आहे, आपल्या जिभेला कसा झेपणार? असाच लागत असेल. साहेब लोकांना असंच आवडत असेल. वर आणखी थोडं मीठ घातलं.

साहेब आले, त्यांच्या बाई आल्या, घरमालकीणबाई आल्या. हॅटसुद्धा आली. मी बेकरीतून भाजून आणवलेल्या जाड रोट्यांवर सॉस माखून ताटल्या मांडल्या. बाई वयानं मोठ्या, म्हणून पहिली ताटली त्यांना. त्यातही माझा डाव होताच. साहेबांनी तुकडा हातात घेतला होता, यांनीही घेतला होता. बाईंनी घास तोंडात टाकला.

आणि थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, हरली! हिला कळलं माझा सॉस सरस झालाय ते. बाईंनी तो घास गिळला, आणि पुढच्या क्षणाला ताटली जमिनीवर आपटून किंचाळल्या, “माझे टोमॅटो!”

साहेबांच्या हातातला तुकडा हातातच राहिला.

“माझ्या परसातले आहेत हे! चोरलेस तू! सकाळी मी बेकरीत गेले तेवढ्यात तोडलेस!”

“बाई, अहो काय बोलताय...” हे उठले.

“तू खाली बस! साहेब, ठेवा ते खाली. चोरीचं खाऊ नका. मी पोलिसात जाईन. सगळ्यांना साक्षीला ओढीन!”

पोलीस म्हटल्यावर साहेबांनी तुकडा विंचू असल्यासारखा खाली टाकला. बाईंनी भराभर सगळ्यांच्या ताटल्या ओढून घेतल्या, यांच्या हातातला घास तर अक्षरशः हिसकावला, आत गेल्या, माझं ते सोन्यासारखं पातेलं उचललं आणि मोरीत पालथं केलं. वर दोन तांबे पाणी ओतलं. मग हॅट सरळ केली आणि निघून गेल्या.

मी ढसाढसा रडले. खोटं नाही, मनापासून. साहेबांच्या बाईंनी मला जवळ घेतलं. “कशा राहता हो तुम्ही या वेडीच्या घरात?” साहेब म्हणाले, “दुसरी जागा बघा, मी शब्द टाकतो.” चिवडा काढला, चहा केला. दोघं मला धीर देऊन देऊन गेली. हे जमिनीवरचे तुकडे गोळा करत राहिले. आणि मी रडता रडता मनातून फार सुखात होते. अखेर सगळ्यांना कळलं होतं ती कशी आहे ते.

मग मोरीत पातेलं घासायला घेतलं. आतून पार हिरवं होतं. शेवाळासारखं नाही, देवळाच्या जुन्या घंटेसारखं. बोट लावून पाहिलं. कळकलं होतं. हे मी साहेबांना वाढलं होतं. यांना वाढलं होतं. यांचा घास ओठाशी गेलेला होता.

तशीच ओल्या हातांनी मागच्या दारानं धावले. बाई पायरीवर बसल्या होत्या. हॅट मांडीवर, पांढरे केस कपाळावर चिकटलेले, तोंड पिवळं. ओकाऱ्या काढून झालेल्या दिसत होत्या. हातात ताकाचा पेला.

“तुम्ही थुंकला का नाहीत?” मी विचारलं. दुसरं काही सुचेना.

“थुंकले असते तर साहेबाला कळलं नसतं का?”

“मग कळकलंय म्हणून सांगायचं. माझ्यावर चोरीचा आळ का घेतलात?”

“तो घ्यायला सोपा. हॅटवाल्या म्हातारीनं चोर म्हटलं, तर कोण खरं मानणार? उलट तुझी कीव करतील. पण कळकलेलं वाढलंस हे एकदा गावाला कळलं असतं, तर तुझ्या हातचं पाणी प्यायला कुणी आलं नसतं जन्मभर.” त्यांनी ताकाचा घोट घेतला, डोळे मिटले, पोट दाबून धरलं. “चव घेतली होतीस का तू?”

“घेतली होती.”

“आणि?”

“मला वाटलं असाच लागतो.”

बाई हसायला लागल्या. हसताना पोटात कळ येई, की थांबत, आणि पुन्हा हसत. मला मात्र रडू फुटलं. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं तिथे, त्या पायरीवर, बाहेर पडलं. रेडिओ, रविवार, लसूण चालत नाही, सगळं. मी म्हटलं, “मला काही नको होतं हो. एकदा त्यांनी माझ्या हातच्याला ‘वा’ म्हणावं, एवढंच.”

बाईंनी ताकाचा पेला खाली ठेवला. आणि जे म्हणाल्या ते मी शब्दाला शब्द लिहिते:

“अगं मूर्ख मुली, तुझा नवरा दर रविवारी माझ्याकडे बोटं चाटतो, ‘वा बाई, वा’ म्हणतो, आणि हात धुताना न चुकता वर सांगतो, ‘पण आमच्या हिच्या आमटीची गोष्टच वेगळी.’ मी विचारलं, मेल्या, मग तिला का नाही सांगत? तर लाजला. म्हणे, आमच्या घरात बायकोला असलं तोंडावर सांगत नाहीत. तेव्हापासून मी जळत्येय तुझ्यावर. रडणं पुरे कर, आणि आधी सांग, त्या आमटीत घालतेस तरी काय?”